बॅटरीचे चौऱ्याहत्तर डॉलर

कार्बन फोर्क, केंटकी
९ ऑक्टोबर २००६

कॉरी बाळा,

मावशीचा फोन लागत नाही म्हणून रुसू नकोस. लागतो, पण मी उचलत नाही. तुझा डेन्व्हर काका जाऊन दोन वर्षं झाली, तरी हॉस्पिटलच्या बिलांवाले रोज त्याला शोधतात. परवा एकीनं विचारलं, "मिस्टर रॅटलिफ कधी भेटतील?" मी तिला दफनभूमीचा पत्ता दिला. तेव्हा यापुढे पत्रच लिहायचं. शाळेतून आल्यावर चहा पिताना वाचायला मला बरंही वाटेल.

तुझ्या काकाच्या फुप्फुसांत खाणीची धूळ गेली आणि त्याच्या बिलांत माझी पत गेली. गॅसवाला आता टाकी भरायच्या आधी रोख मागतो. बावीस वर्षं मी त्याची गिऱ्हाईक. वर सांगतो, "आर्व्हेला, माझं काही नाही गं, कॉम्प्युटर म्हणतोय." मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

तेवढ्यात ऑरेल्टन कार्ड नावाच्या कंपनीचं पत्र आलं. तुमची पत बिघडली असली तरी आमचा तुमच्यावर विश्वास आहे, हे कार्ड वापरा, वेळेवर भरा, नाव पुन्हा उजळेल. मी सही करून पाठवून दिलं. तीनशे डॉलरची मर्यादा. कार्ड आलं आणि पाठोपाठ बिल आलं. मी बटणसुद्धा विकत घेतलं नव्हतं, तरी दोनशे एकवीस डॉलर देणं. खातं उघडायचे, वर्षाचे, सभासद झाल्याचे, आणि शिवाय दरमहा आठ. म्हणजे माझ्या हाती उरले एकोणऐंशी. त्यातून मी गाडीची बॅटरी घेतली, चौऱ्याहत्तरची, कारण थंडीत गाडी उठेना आणि मी रांधते ती शाळा वीस मैलांवर.

पाकिटावर सू फॉल्सचा शिक्का आहे. तू तिथेच बँकेत आहेस ना? कसली माणसं आहेत ही? कोणी भलं माणूस तुझ्या ओळखीचं असलं तर कळव.

तुझ्या पोरीचा, ॲनिकाचा दमा कसा आहे? लाइल जावयाच्या हाताचं काय झालं?

तुझी,
आर्व्हेला मावशी

---

सू फॉल्स, साउथ डकोटा
२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

लाइलचा हात जुळला, पण मांसाच्या कारखान्यात त्याला परत घेणार नाहीत. दोन बोटं वळत नाहीत, आणि तिथे सगळं काम सुरीचं. ॲनिका बरी आहे. माझ्या नोकरीच्या विम्यावर तिची औषधं निघतात, म्हणून चाललंय.

या गावात कार्ड कंपन्या ढिगाने आहेत, कारण या राज्यात व्याजाला वरची मर्यादाच नाही. सगळ्या साधारण सारख्याच. तुझी अडचण मी समजू शकते, पण घाबरू नकोस. दर महिन्याला किमान रक्कम वेळेवर भर, मर्यादेच्या वर जाऊ नकोस, आणि एका वर्षात तुझी पत सुधारलेली दिसेल. तुझ्यासारखी प्रामाणिक माणसं आम्हाला हवीच असतात.

मी कामात फार अडकलेली असते. उशीर झाला तर समजून घे.

तुझी,
कॉरी

---

कार्बन फोर्क
२७ नोव्हेंबर

कॉरी,

तू सांगितल्याप्रमाणे वीस-वीस डॉलर वेळेवर भरले, दोन वेळा. तरी या महिन्यात देणं तीनशेच्या वर. म्हणून मी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्यांना फोन केला. सव्वीस मिनिटं बाजा ऐकला. मग एक पोरगी आली, म्हणाली माझं नाव डेझी.

मी तिला म्हटलं, मी बॅटरीशिवाय काही घेतलेलं नाही, मग मर्यादा कशी ओलांडली?

तिनं सांगितलं की महिन्याचे आठ आणि व्याज धरून आकडा तीनशेच्या वर गेला. म्हणून वर गेल्याचा दंड पस्तीस. त्याच्या आधीच्या महिन्याचाही पस्तीस.

"म्हणजे कड्याशी तुम्हीच उभं केलंत, तुम्हीच ढकललंत, आणि पडल्याचा दंड माझ्याकडून?"

"तुमची अडचण मी समजू शकते, मॅडम," ती म्हणाली.

कॉरी, अगदी तुझ्या पत्रातलं वाक्य. मी पत्र काढून पाहिलं.

असो. मी आज चौऱ्याहत्तर डॉलरची मनीऑर्डर पाठवली आहे. त्यावर लिहिलं, "बॅटरीचे. हिशेब संपला." कोंबड्या कापायच्या कात्रीनं कार्डाचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा सोबत धाडला. बॅटरी मी घेतली, तिचे पैसे मी दिले. बाकीचं मी मागितलं नव्हतं, वापरलं नाही, आणि देणार नाही. ओपल जस्टिस, आमच्याकडे भांडी घासते ती, म्हणाली, "आर्व्हेला, तुला तुरुंगात टाकतील." मी म्हटलं, टाकू देत, तिथे स्वयंपाक दुसरं कोणीतरी करेल.

मावशी

---

सू फॉल्स
५ डिसेंबर

मावशी,

मी पाया पडते, असं करू नकोस. चौऱ्याहत्तरला ते एका महिन्याचा हप्ता धरतील, पुढे दंड सुरूच राहील. सहा महिन्यांनी ते तुझं खातं दुसऱ्या कोणाला तरी विकतील आणि तो कोर्टात जाईल. तुझ्या पगारातून कापतील. मी पाहिलंय, मावशी, असं झालेलं. महिन्याला वीस भरत राहा आणि वर्षाच्या शेवटी खातं बंद कर. तत्त्वासाठी भांडायलाही पैसे लागतात, आणि ते आपल्याकडे नाहीत.

तू माझ्यावर चिडशील, पण चिडलेली मावशी मला परवडेल.

कॉरी

---

कार्बन फोर्क
१४ जानेवारी २००७

कॉरी,

नवीन वर्षाची चांगली बातमी. ऑरेल्टन नमली. आजच्या बिलात पस्तीसचे दोन्ही दंड काढून टाकलेत. सत्तर डॉलर. बाकीचं अजून लिहिलेलं आहे, पण दोन पावलं मागे सरली ती चारही सरेल. मी बिल स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं. ओपलकडेही असलंच कार्ड निघालं, लाजेपोटी बोलत नव्हती. तिनंही आता पत्र लिहिलंय. तू मला मान तुकवायला सांगत होतीस. बघ, ताठ उभं राहिलं की काय होतं ते.

आता एक विचारते, आणि सरळ उत्तर दे. ऑक्टोबरच्या पत्रात तू लिहिलंस, 'तुझ्यासारखी प्रामाणिक माणसं आम्हाला हवीच असतात.' तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि तेव्हापासून तुझं बोलणं मी ऐकत आले आहे. बँकेत आहे म्हणालीस. कुठल्या बँकेत, ते कधी म्हणाली नाहीस.

हे 'आम्ही' कोण?

मावशी

---

सू फॉल्स
२५ जानेवारी

मावशी,

'आम्ही' म्हणजे ऑरेल्टन. तीन वर्षं झाली. तिसऱ्या रांगेत खिडकीपासून लांब माझी खुर्ची आहे. फोनवर माझं नाव मेगन. तिथे खऱ्या नावानं कोणीच बोलत नाही. तुला भेटलेली डेझी खरी कोण ते मला माहीत आहे, दोन मुलांची आई आहे, ती रोज जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून रडते.

समोर कागद असतो, त्याप्रमाणे बोलायचं. ग्राहकानं स्वतः विचारलं नाही तर आधीच्या कपातीबद्दल बोलायचं नाही. विचारलं तर आधी पत सुधारायच्या त्याच्या हिमतीचं कौतुक करायचं. 'तुमची अडचण मी समजू शकते' हे दुसऱ्या ओळीत आहे. इतक्या वेळा म्हटलंय की तुला लिहितानाही तेच हातातून उतरलं.

आणि ते सत्तर डॉलर. मावशी, ते कंपनीनं काढले नाहीत. मी काढले. नातेवाइकाचं खातं उघडायला आम्हाला मनाई आहे. डिसेंबरात एके दुपारी मी तुझं खातं उघडलं आणि दोन्ही दंड रद्द केले. तुझ्या मनीऑर्डरवरची ओळ त्यांनी वाचलीसुद्धा नव्हती. कार्डाचा तुकडा कोणीतरी पाकिटासकटच कचऱ्यात टाकला असेल.

ॲनिकाची औषधं महिन्याला तीनशेची आहेत. म्हणून सांगितलं नाही. आणि तू तोंडावर काय म्हणशील ते ठाऊक होतं, म्हणूनही.

कॉरी

---

कार्बन फोर्क
६ फेब्रुवारी

कॉरिन,

भिंतीवरचं बिल काढलं. ओपलला सांगितलं की माझं भांडण जिंकलेलं नाही, भाचीनं मागच्या दारानं मिटवलं. तिनं स्वतःच्या पत्राला उत्तर येईल म्हणून तीन आठवडे वाट पाहिली होती.

नोकरीबद्दल मी काही बोलणार नाही. पोरीला श्वास घेता यावा म्हणून आईनं काय करावं हे दुसऱ्यानं सांगू नये. डेन्व्हरनं चाळीस वर्षं खाणीत काढली ती काही खाण आवडली म्हणून नाही.

पण मी त्यांच्याकडे दया मागत नव्हते. हे पैसे मी देणं लागत नाही, असं म्हणत होते. तू दया दाखवलीस, तीही चोरून, आणि मी देणेकरी होते हे त्यांच्या दप्तरात कायमचं लिहिलं गेलं. मला सूट दिलीस. तुझ्या रांगेत दिवसाला शंभर आर्व्हेला फोन करत असतील, त्यांना काय दिलंस?

मला उत्तर नको. स्वतःला दे.

आर्व्हेला

---

सू फॉल्स
१९ मार्च

मावशी,

उत्तर नको म्हणालीस, म्हणून सहा आठवडे लिहिलं नाही. आता सांगण्यासारखं आहे. मला शुक्रवारी काढून टाकलं.

तुझ्या सत्तर डॉलरवरून नाही. ते त्यांना अजून सापडलेलं नाही. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मिसिसिपीतून एका बाईचा फोन आला. कार्ड हातात आलंय, चालू कसं करायचं, विचारत होती. मी कागद उलटा ठेवला. तिला सांगितलं, तुमचे दोनशे एकवीस आधीच कापलेले आहेत. एकही खरेदी केली नसेल आणि पहिलं बिल भरलं नसेल, तर आजच कार्ड नको म्हणून लेखी कळवा, सगळी कपात रद्द होते. हे करारात सातव्या पानावर आहे, बारीक अक्षरात. आम्हाला कोणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही.

तिनं ते पान उघडून पाहिलं. मग म्हणाली, "बाई, तुमचं नाव काय?" मी म्हटलं, कॉरिन हॉव्हलँड.

त्यानंतर प्रत्येक नव्या कार्डवाल्याला मी तेच सांगितलं. पाच आठवडे. मी मोजत नव्हते, त्यांनी मोजलं. चारशे बारा जणांनी कार्ड परत केलं. शुक्रवारी वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथल्या अधिकारी बाईंनी माझेच फोन मला ऐकवले आणि विचारलं, हे तुम्ही का केलंत? मी विचारलं, यातलं खोटं कुठलं ते दाखवा. त्यांनी फोन ऐकवणं बंद केलं.

विमा महिनाअखेरीस संपेल. ॲनिकाच्या पंपाची दोन खोकी मी आधीच भरून घेतली आहेत. लाइल तीन दिवस चिडून होता. चौथ्या दिवशी म्हणाला, "त्या सातव्या पानाबद्दल माझ्या बहिणीलाही सांग."

तुझी,
कॉरी

---

कार्बन फोर्क
२ मे

माझ्या वाघिणी,

उशीर झाला. तुझं पत्र मी ओपलला वाचून दाखवलं, मग तिनं मागून घेऊन स्वतः वाचलं. तुला काही पाठवावं एवढी माझी ऐपत नाही, म्हणून मागे तुला जे कडू लिहिलं ते निदान परत घेते. सगळं नाही. मागच्या दाराचं तेवढं राहू दे.

तू डिसेंबरात म्हणालीस तसंच झालं. कोणा तिसऱ्याच कंपनीनं माझं खातं विकत घेतलं आणि शेरीफचा माणूस समन्स घेऊन आला. अकराशे चाळीस डॉलर, कशाकशाचे ते लिहिलेलं नाही. तो पोरगा माझ्या हातचं जेवून मोठा झालेला, मान खाली घालून उभा. मी त्याला म्हटलं, "अरे, कागद दे, तोंड का पाडतोस?" वीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं होतं. कोर्टाच्या कारकुनाकडून कागद आणला आणि एकच ओळ लिहिली: हे देणं मला मान्य नाही. कारकून म्हणाली, गेल्या वर्षभरात असं उत्तर देणारी तुम्ही तिसरी.

तारीख १९ जूनची. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. तू आतून पाहिलं आहेस. सांग, काय बोलू?

मावशी

---

सू फॉल्स
११ मे

प्रिय मावशी,

आत जे पाहिलं ते बाहेर बोलणार नाही, असं मी सही करून दिलं आहे. आता बोलते.

ऑरेल्टन बुडीत खाती गठ्ठ्यानं विकते, डॉलरला चार सेंट भावानं. सोबत करार देत नाही, बिलं देत नाही. देते ती फक्त यादी. एका माणसाला एक ओळ: नाव, पत्ता, आकडा. तुझे अकराशे चाळीस त्यांनी पन्नासच्या आत घेतले असतील. विकत घेणाऱ्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो, की कोणी कोर्टात येणारच नाही.

म्हणून तू फक्त जा. तुझ्या सहीचा करार मागायचा. आकडा कशाकशाचा मिळून झाला ते विचारायचं. ऑरेल्टननं तुझंच खातं यांना विकलं याचा कागद मागायचा. यातलं काहीही नसलं तर तिथेच थांबायचं, आणखी बोलायचं नाही. आणि कॉरिडॉरमध्ये कोणी हप्त्याच्या कागदावर सही मागितली तर करायची नाही. सही केलीस की देणं कबूल केलंस.

सोबत माझं शपथपत्र आहे. फोनवर काय बोलायला शिकवायचे ते सगळं, माझ्या नावानिशी. त्यांनी माझ्यावर दावा लावला तर लावू देत. मलाही मग उभं राहता येईल.

कॉरी

---

कार्बन फोर्क
२० जून

कॉरी,

काल कोर्टात गेले. लेक्सिंग्टनहून त्यांचा वकील आला होता, तिशीचा, चाकांच्या गाडीवर फायली घेऊन. कॉरिडॉरमध्येच आला, गोड बोलला. महिना पंचवीस डॉलर, इथे सही करा, आत जायची तसदी नको. मी म्हटलं, मी आत जायलाच आलेय.

आत नावं पुकारली. बारा नावं. पहिलं पुकारलं, कोणी नाही. वकील म्हणाला, एकतर्फी निकाल द्यावा. जज्जांनी सही केली. दुसरं, कोणी नाही, सही. अकरा माणसं, कॉरी, दहा मिनिटांत. मी बसून बघत होते. पाव भाजायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मग माझं नाव. मी उभी राहिले तर वकिलानंच मागे वळून पाहिलं. जज्जांनी विचारलं, तुम्ही काहीच देणं लागत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?

"बॅटरीचे चौऱ्याहत्तर लागत होते. ते नोव्हेंबरात दिले. ही पावती. बाकीचा यांच्याकडे करार असेल तर दाखवावा."

वकिलानं फाईल उघडली. त्यात तू म्हणालीस तेच, एक ओळ. माझ्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं. करार आहे का? नाही. विक्रीचा कागद? या खात्याचा नाही, साहेब. जज्जांनी चष्मा काढला आणि दावा फेटाळला. तुझं शपथपत्र पाहायची वेळच आली नाही. मला जरा वाईट वाटलं, ते वाचून दाखवायची मी घरी तालीम केली होती.

बाहेर आल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण गाडीत बसले तरी ती अकरा नावं डोक्यातून जाईनात.

मावशी

---

सू फॉल्स
३ जुलै

मावशी,

पत्र वाचताना मी स्वयंपाकघरात उभी होते, खाली बसले. लाइलला मोठ्यानं वाचून दाखवलं. ॲनिकाला राज्याच्या विम्यात घेतलं, विमा संपल्यापासूनचा सगळा घोर गेला. मला शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत काम मिळालं आहे, पगार कमी आहे. फोन तिथेही आहेत, पण खऱ्या नावानं उचलते. शपथपत्र मी इथल्या राज्याच्या सरकारी वकिलांना पाठवलं. पोच आली, बाकी काही नाही. पुन्हा पाठवीन.

ती अकरा माणसं कोण होती? तुझ्या गावात तू ज्याला जेवायला घातलं नाहीस असा कोणी आहे का? पुढच्या तारखेची यादी कोर्टाच्या दाराशी लावत असतील ना?

कॉरी

---

कार्बन फोर्क
२२ ऑगस्ट

कॉरी,

लावतात. दहा दिवस आधी. मी आणि ओपलनं उतरवून घेतली. चौदा नावं, त्यातली नऊ ओळखीची, ओपल त्यांतलीच एक. उन्हाळ्याची सुट्टी होती, घरोघर गेलो. उत्तराची मुदत टळली असली तरी निकालाआधी उत्तर घेतात, असं कारकून म्हणाली होती. तिनं कोरे कागद दिले.

तिघांनी दार लावून घेतलं. राग नव्हता, लाज होती. सगळ्यात अवघड थर्मन स्लोन. डेन्व्हरच्या जोडीनं खाणीत होता. पगारातून कापून घेतले तरी चालतील म्हणाला, पण चारचौघांत नाव पुकारलेलं सहन होणार नाही. त्याच्या ओसरीवर मी तासभर बसले. शेवटी एवढंच म्हटलं, "पुकारू दे, थर्मन. चोरी तू केलेली नाहीस." त्यानं कागद ठेवून घेतला.

काल मंगळवारी मी मागच्या बाकावर बसले. शिपाई म्हणाला, बाई, तुमची केस तर कधीच संपली, आज कोणाबरोबर? मी म्हटलं, शेजारीण आहे, बसू दे.

पाच जण आले. ओपल पहिली उभी राहिली आणि तिनं करार मागितलाच. वकिलाच्या फाईलमध्ये तिचीही एकच ओळ. चौघांचे दावे फेटाळले. पाचव्याचा करार खरंच निघाला, त्याला पुढची तारीख दिली. शेवटचं एक नाव सोडलं तर बाकीच्यांपैकी कोणी आलं नाही, त्यांच्यावर सह्या झाल्या. ते मी गोड करून सांगणार नाही.

शेवटचं नाव थर्मनचं. पुकारलं. कोणी उठलं नाही. वकिलानं फाईल बंद करून गाडीवर टाकली. जज्जांनी पेन उचललं. दार उघडलं आणि थर्मन आत आला, अंगात रविवारचा कोट, जिना चढून धाप लागलेली. मधल्या वाटेतच एका बाकाला धरून उभा राहिला. बोलायला श्वास पुरेना. जज्ज पेन हातात धरून थांबले. वकील म्हणाला, साहेब, वेळ होऊन गेलेली आहे.

"त्यांना श्वास घेऊ द्या," जज्ज म्हणाले.

सगळं कोर्ट त्याची धाप ऐकत होतं. मग थर्मननं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा नाही, खाणीत पाळी सुरू होताना हजेरी देतात तसा, आणि म्हणाला, "स्लोन. हजर आहे. फाईल पुन्हा उघडायला सांगा त्यांना."

मावशी